आधी खुराडं, मग कोंबड्या

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात रात्रीतून कोंबड्या मेल्या की सकाळी पारावर तीन सल्ले ऐकू येतात. वनखात्याला फोन करा, पिंजरा लावून जनावर उचलून न्यायला सांगा, हा पहिला. खुराड्याभोवती तार ओढा आणि रात्री तिच्यात करंट सोडा, हा दुसरा. तिसरा सल्ला हळू आवाजात दिला जातो: मेलेल्या कोंबडीत औषध भरा आणि बांधावर टाकून द्या. हे सल्ले देणारी माणसं दुष्ट नसतात. नुकसान खरं असतं आणि त्यातून आलेला रागही खरा असतो. तरीही हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यांच्या गलबल्यात खरा उपाय दरवेळी मागे पडतो. खुराडं पक्कं असेल तर कोंबडी वाचते. ते कच्चं असेल तर शिवारातलं शेवटचं जनावर मारलं तरी कोंबडी वाचत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एकेका सल्ल्याचा समाचार घेतो.

आधी नुकसानीबद्दल बोलू. ‘चार पाखरं गेली, त्यात एवढं काय’ असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या घरात गेली. आधीच्या गणनेपेक्षा ती जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे मोठमोठ्या पोल्ट्री उभ्या राहत असतानाही घरामागची कोंबडी हटलेली नाही. आपल्यासारख्या अवर्षणाच्या पट्ट्यात तर तिचं मोल आणखी वेगळं आहे. पाऊस दगा देतो तेव्हा आधी म्हैस विकली जाते, मग शेळ्या जातात. कोंबड्या राहतात, कारण त्यांना ना विकतचा चारा लागतो ना पाण्याचा टँकर. आणि त्या घरातल्या बाईच्या असतात. सातबारा नवऱ्याच्या नावावर, उसाचं बिल त्याच्या खात्यावर. अंड्याचा आणि कोंबडीचा पैसा मात्र तिच्या हातात पडतो. पोराच्या वह्या, माहेरी जायचं एसटीचं तिकीट, दुखण्यातली गोळी या पैशातून येते. एका रात्रीत बारा कोंबड्या मेल्या तर सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या वस्तीवरच्या बाईची कुणाला न विचारता खर्च करता येणारी सगळी रक्कम जाते. हे नुकसान ज्याला किरकोळ वाटतं, त्यानं पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आता प्रश्न असा, की कोंबड्या मारतं कोण? वाद इथेच पहिल्यांदा घसरतो. सकाळी खुराड्यापाशी पिसं दिसली की गाव सरळ मोठ्या नावावर जातं. ‘लांडगा आला’, नाहीतर ‘बिबट्या आला’. पण खुराड्याजवळच्या खुणा वाचल्या तर बहुतेक वेळा वेगळीच गोष्ट निघते. दोनतीन कोंबड्या गायब आणि पिसांचा माग उसाच्या फडापर्यंत गेलेला, तर संशय कोल्ह्यावर किंवा रानमांजरावर घ्यावा. भर दिवसा, आडोशाला, मानेवर चावा घेतलेली कोंबडी सापडली तर ते मुंगसाचं काम असू शकतं. अंडी किंवा बारकी पिल्लं मागमूस न ठेवता नाहीशी झाली तर धामण, नाग, घूस किंवा उंदीर. उघड्या अंगणातून पिल्लू उचललं गेलं तर घार किंवा शिक्रा. आणि जाळी फाडलेली, दहाबारा कोंबड्या फाडून इकडेतिकडे टाकलेल्या, खाल्लेलं जवळपास काहीच नाही, असं दिसलं तर आधी गावातल्या मोकाट कुत्र्यांकडे पाहावं. सगळ्यांत मोठं नुकसान याच प्रकारात होतं आणि याच प्रकाराचा आळ रानातल्या जनावरांवर सर्वांत जास्त येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

नान्नजच्या माळावरचे लांडगे सोलापूरकरांना नवे नाहीत. १९७९ साली तिथे माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि माळढोकाबरोबर त्या गवताळ रानातले काळवीट, लांडगे आणि खोकडही अभ्यासकांच्या नजरेत आले. सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी १९९० च्या दशकात याच भागातल्या लांडग्यांनी केलेल्या पाळीव जनावरांच्या नुकसानीचा अभ्यास केला. लांडग्याचं वैर प्रामुख्यानं शेळ्यामेंढ्यांशी आहे, हे इथला कुठलाही धनगर सांगेल. कोंबडीसाठी तो सहसा वस्तीत शिरत नाही. खोकड उंदीर, किडे, बोरं खाऊन जगतं. तरस मेलेल्या ढोरांवर पोट भरतं. यांतलं एखादं जनावर कधी कोंबडी उचलणारच नाही, असा दावा मी करत नाही. पण खुराड्याचं दार उघडं ठेवून माळावरच्या लांडग्याला जबाबदार धरणं म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

पहिला सल्ला पिंजऱ्याचा. जनावर उचलून नेलं की प्रश्न मिटला, असं वाटणं साहजिक आहे. पण हा प्रयोग आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात होऊन गेला आहे. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर परिसरात २००१ ते २००३ या काळात उसातले बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दुसरीकडे सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते वाढून १७ पर्यंत गेले. कारण समजायला अवघड नाही. आपापला इलाखा ठरवून राहणारं जनावर हललं की ती जागा दुसरं घेतं, बहुधा तरुण आणि नवखं. आणि उचललेलं जनावर अनोळखी मुलखात बिथरतं. बिबट्याचं जे झालं त्याहून कोल्ह्याचं काही वेगळं होईल, असं मानायला आधार नाही. उसाचा फड, ओढा, वेडी बाभळ आणि रात्रभर उघडं खुराडं जागच्या जागी असेल, तर एक कोल्हा गेला म्हणून दुसरा यायचा थांबत नाही.

इथे करमाळ्याची आठवण काढली जाते, आणि ती काढलीच पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्यानं तीन जणांचा जीव घेतला. अखेर परवानगी काढून त्याला गोळी घालावी लागली. तो निर्णय योग्य होता. माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराबाबत कायद्यातही तशी तरतूद आहे, आणि त्या दिवसांत ऊसतोड कामगारांनी, शेतावर एकट्या राहणाऱ्या कुटुंबांनी जी भीती सोसली, तिच्यापुढे कुणी निसर्गप्रेमाचं व्याख्यान देऊ नये. पण करमाळ्याचा बिबट्या आणि परसातली कोंबडी नेणारा कोल्हा हे एका मापानं मोजता येणार नाहीत. पहिल्याची दहशत दुसऱ्यावर काढली की दोन्हीकडे नुकसान होतं. वनखात्याची माणसं प्रत्येक खुराड्याच्या बोलावण्यावर धावत राहिली, तर माणसाला खरा धोका असेल त्या दिवशी ती वेळेवर पोचतील कशी?

दुसरा सल्ला तारेचा, आणि तो सर्वांत घातक आहे. हल्ली मोबाईलवर अमेरिकेतल्या अस्वलांच्या चित्रफिती फिरतात. काळं अस्वल परसातलं खुराडं मोडायला येतं, तारेला नाक लागतं आणि धूम ठोकतं. ते पाहून इथली पोरं म्हणतात, आपणही असंच करू. पण त्या तारेत घरची वीज नसते. तिला जोडलेलं यंत्र सेकंदाला एकदा, क्षणाच्याही बारीक तुकड्यापुरता झटका देतं. दोन झटक्यांच्या मध्ये तार मोकळी असते, म्हणून अंगाला तार लागलेला जीव सुटून जातो. आपल्याकडे शेतकरी त्याला झटका मशीन म्हणतात. तिकडच्या वन्यजीव खात्यांचा हा सल्ला त्यांच्या अस्वलासाठी बरोबर आहे, कारण ते अस्वल खाद्याच्या आणि पाखरांच्या वासानं येतं आणि त्याच्या ताकदीपुढे लाकडी खुराडं टिकत नाही. आपल्या जिल्ह्यात अस्वल नाही. महाराष्ट्रातलं अस्वल ज्ञानगंगेच्या, मेळघाटच्या, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात आहे, आणि तेही मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुलं आणि बोरं-जांभळांवर जगतं. त्याच्यापासून माणसाला धोका आहे, तो वेगळा विषय. पण कोंबड्यांसाठी तेही दारात येत नाही.

इथे प्रत्यक्षात होतं ते असं: झटका मशीन महाग पडतं म्हणून खांबावरून आकडा टाकून नाहीतर घरच्या बोर्डातून २३० व्होल्टची वीज थेट तारेत सोडली जाते. ती तार पकडलेला हात सोडत नाही. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले, आणि राज्यभर माणसं आणि गुरंही मेली आहेत: पहाटे पाणी धरायला निघालेला शेतकरी, चेंडू आणायला गेलेलं पोर, शेजारची म्हैस. आकडा टाकणं ही २००३ च्या वीज कायद्यानं चोरी आहे, आणि त्या तारेनं माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. दहा कोंबड्या वाचवायला घराभोवती फास लावायचा, हा हिशेब कुठल्या बाजूनं बसतो? एक साधी गोष्टही लक्षात घ्या. मुंगूस आणि साप त्या तारेखालून सहज जातात.

तिसरा सल्ला विषाचा. गावात त्याला ‘औषध’ म्हणतात आणि त्यासाठी फोरेटसारखी कीटकनाशकं वापरली जात आली आहेत. फोरेटवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. पण जुना डबा कोपऱ्यात असतोच, आणि बंदी नसलेली जहरंही दुकानात मिळतात. बांधावर टाकलेलं विषारी मांस ज्याच्यासाठी टाकलं त्यानंच खावं, असं कुठे लिहिलेलं नसतं. राखणीचं कुत्रं ते खातं. घार खाते. उकिरड्यावर उकरणारी स्वतःचीच कोंबडी खाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सापळा लावणं आणि विष घालणं हीसुद्धा शिकारच आहे. पहिल्या अनुसूचीत असलेल्या लांडग्याच्या बाबतीत त्याची शिक्षा किमान तीन वर्षं कैद अशी आहे. शिवाय कोल्हा, रानमांजर, खोकड आणि धामण ही सगळी शेतातल्या उंदीर-घुशींवर तुटून पडणारी जनावरं आहेत. ज्वारीच्या आणि उसाच्या शेतकऱ्यानं त्यांना विष घालणं म्हणजे रात्रपाळीचा बिनपगारी राखणदार आपणच संपवणं.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण तिथलीही एक हाकाटी मला मान्य नाही. शहरातले काही निसर्गप्रेमी म्हणतात, आपण जनावरांच्या जागेत घुसलो, तेव्हा नुकसान सोसलंच पाहिजे. परवडत नसेल तर कोंबड्या पाळू नका. हे बोलणं निष्ठूर आहे आणि चुकीचंही. सोलापूरचा माळ माणसाला नवा नाही. शतकानुशतकं धनगर, शेतकरी, लांडगा आणि कोल्हा याच माळावर राहत आले. उपाशी राहून वन्यजीव सांभाळण्याचा मक्ता परसात दहा कोंबड्या ठेवणाऱ्या बाईनं घेतलेला नाही. तिची कोंबडी वाचली तरच कोल्ह्याच्या वाटेला विष येणार नाही. वन्यजीव वाचवायचे असतील तर तिच्या खुराड्याच्या जाळीवर पैसे खर्च करा, असं या मंडळींनी म्हटलं तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन.

मग काय करायचं? पहिली गोष्ट जाळीची. बाजारात सर्रास मिळणारी षट्कोनी घरांची पातळ कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातानं ओढून फाडतं. तिच्या जागी अर्ध्या इंचाच्या घरांची वेल्डमेश जाळी हवी. निदान खालचे तीन फूट तरी. मुंगूस, घूस आणि साप तिथेच अडतात. दुसरी गोष्ट तळाची. कोल्हा आणि कुत्रं भिंत चढण्याआधी खालून उकरून पाहतात. आपल्या जिल्ह्याला शहाबादी फरशीची ददात नाही. खुराड्याखाली फरशी घाला आणि बाहेरच्या बाजूनं फूट-दीड फूट फरशी किंवा जाळी जमिनीत पुरा, उकरणं थांबतं. तिसरी गोष्ट दाराची. नुसती कडी पुरत नाही, वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या हव्यात. चौथी वेळेची. दिवेलागणीच्या आधी कोंबड्या आत आणि दार बंद, यात एक दिवसाचाही खाडा नको. रात्रीपुरती एका मोठ्या कोंबडीला साधारण एक चौरस फूट जागा पुरते. म्हणजे पंचवीस-तीस कोंबड्यांना सहा बाय पाच फुटांचं खुराडं झालं.

यावर सोलापूरची खास अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या बंद खुराड्यात कोंबड्या गुदमरून मरतात, म्हणून लोक दार उघडं ठेवतात किंवा कोंबड्यांना लिंबावर बसू देतात. त्याच रात्री घात होतो. म्हणूनच चारही बाजूंना भक्कम जाळी असलेलं, वारं खेळतं राहणारं खुराडं इथे लागतं. वरच्या पत्र्यावर उसाचं पाचट टाकावं आणि पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा कूड उभा करावा. उष्मा आणि कोल्हा या दोघांचा बंदोबस्त एकाच बांधणीत होतो.

खुराड्याच्या भोवतालाकडेही पाहावं लागेल. दहाबारा फुटांत वेडी बाभळ, सरपणाचा ढीग किंवा उसाची शेवटची सरी असेल, तर लपायला आयती जागा मिळते. तोडणीच्या हंगामात फड मोकळा होतो आणि त्यातलं जनावर वस्तीकडे सरकतं. त्या आठवड्यांत खुराड्याकडे दुप्पट लक्ष हवं. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांनी आणि चिकनच्या दुकानदारांनी मेलेली पाखरं आणि घाण ओढ्यात टाकायची, कुत्र्याकोल्ह्यांना कोंबडीची चटक लावायची आणि नुकसान मात्र वस्तीवरच्या बाईनं भोगायचं, हे ग्रामपंचायतीनं थांबवलं पाहिजे. चुना टाकून पुरण्याचा खड्डा काही अवघड काम नाही. मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकलेली आहे. ती कागदावर राहून चालणार नाही.

यावर शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो: हे सगळं गरिबाला परवडत नाही. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच माझा रोख आता गावाकडून सरकारकडे वळतो. पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ तलंगा आणि ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर दिला जातो. अनुदान पाखरांच्या रूपात येतं. रात्रीचा निवारा लाभार्थ्यानं आपल्या हिश्शातून करायचा. म्हणजे जी गोष्ट नसल्यामुळे पाखरं मरतात, नेमकी तीच गरिबाच्या खिशावर सोडलेली आहे. रोजगार हमीशी जोडलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत, ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयानुसार, कुक्कुटपालन शेड मिळते. सुमारे ५० हजार रुपयांची ही शेड १०० पक्ष्यांसाठी आहे. दहापंधरा कोंबड्यांची बाई त्या अटीतच गळते. आणि शेडच्या आराखड्यात फूटभर उंच विटांच्या भिंतीवर छतापर्यंत जाळी सांगितली आहे ती साधी कुक्कुट जाळी.

म्हणून मागण्या अगदी ठोस आहेत. पाखरांच्या गटाबरोबर खुराड्याची जाळी, दार आणि फरशी अनुदानात द्या. गरज पडली तर पाखरं दहानं कमी करा. ज्या घरी रात्रीचा निवारा तयार आहे त्याच घरी पाखरं पोचवा, आणि ज्या घरी तो नाही तिथे आधी निवारा पोचवा. रोजगार हमीत वीस-पंचवीस पक्ष्यांचं लहान खुराडं हे वेगळं काम म्हणून मंजूर करा. आराखड्यातल्या खालच्या तीन फुटांत वेल्डमेश लिहा. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसानं लसीबरोबर खुराडंही तपासावं. रोगापासून वाचवलेली कोंबडी आठवड्याभरात कुत्र्यानं फाडली, तर लशीचाही पैसा वाया जातो.

पारावरच्या मंडळींनाही माझं सांगणं आहे. तार ओढायला चार जण रात्री जमतात, विषाच्या डब्याला पैसे जमतात, वनखात्यावर मोर्चा नेता येतो. तीच चार माणसं एका दिवसात एक खुराडं उभं करू शकतात. वस्तीवर दहा घरं असतील तर महिन्याभरात सगळी खुराडी पक्की होतील, आणि त्यासाठी कुणाचा जीव घ्यावा लागणार नाही. ऊस आहे आणि माळ आहे तोवर कोल्हा, मुंगूस आणि रानमांजर शिवारात राहणारच. त्यांना हटवणं ना गावाच्या हातात आहे ना वनखात्याच्या. आपल्या परसातलं दार मात्र आपल्या हातात आहे, आणि ते भक्कम करायला लागणारा पैसा गरिबाच्या घरी पोचवणं सरकारच्या हातात आहे. ही दोन कामं न करता जो कुणी जनावराला दोष देईल, त्याचं म्हणणं मी मान्य करणार नाही.